बारा दात

जूनमध्ये सोहारच्या सनाइयात
सकाळी सातलाच पान्हा हातात धरवत नाही.
मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो,
भाकरी ठेवतात तसा.

शमसाबाईंची पासाट लिफ्टवर.
शाळेत शिकवतात, राहतात वर, बुरैमीच्या रस्त्याला,
रोजचा वादी जिझ्झीचा उतार.
मागचं उजवं चाक खर्र करतं म्हणाल्या.
चाक काढलं. पॅड संपून लोखंडावर लोखंड,
डिस्कवर नांगरट.

आता कॅलिपरचा कॅरिअर उतरवायचा. बोल्ट दोन,
आणि बोल्टाच्या डोक्यात खड्डा.

खड्ड्याला सहा बाजू असल्या तर मी राजा.
खेडच्या आयटीआयत सगळं जग सहा बाजूंचं होतं,
ॲलनचा जुडगा खिशात टाकला की झालात कारागीर.
इथे आल्यावर कळलं, लोखंडातही पोटजाती.
एक सहा पाकळ्यांचा.
एकाच्या त्याच पाकळ्या बाहेरून.
एकाच्या मधोमध खुंटी, म्हणजे हात लावू नका.
आणि हा:
तीन चौकोन एकावर एक, जरा जरा फिरवून ठेवलेले,
बारा दात.
खिळा फिरवून मोजावे लागतात. डोळा फसतो.
आणि हाताला वाटतं,
ठोकला तर दहाचा ॲलनही बसेल.

कुणीतरी ठोकला होता.
दात गेलेले, आत नुसत्या हिरड्या.
मी शिवी घातली. मराठीत,
दुकानात ती कुणाला लागत नाही.
कुठल्या गाढवाच्या हातात दिली होती गाडी?

मग तारेचा ब्रश मारला.
धूळ गेली, समुद्राचं मीठ गेलं,
आणि बोल्टाच्या कडेला दिसला
पिवळा ठिपका.

घट्ट केल्याची खूण. ठिपके सगळेच लावतात,
पण पांढरे.
पिवळा एकट्या माझा. नेलपॉलिश आहे ते.
रुवीच्या बाजारात बायकोसाठी घेतलं,
असा रंग कोण लावतं, म्हणाली,
आणि पुढच्या माणसाबरोबर परत पाठवलं.

दोन वर्षांपूर्वीचा रमजान.
गाडी तेव्हा दुसऱ्याची होती.
इफ्तारला वीस मिनिटं, गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं,
रोजा माझाही होता, पण ते कारण नव्हे.
बारा दातांचा बिट सहा रियालला होता
आणि सहा रियाल मी घेतले नव्हते बाहेर.
बोल्टही एकदाच वापरायचा असतो हा,
ताणला की पुन्हा तितका धरत नाही.
मी तोच परत बसवला,
वर रंग लावला.

दोन वर्षं. तो उतार. मागच्या सीटवर मुलांची दप्तरं.

मोफिजुलला हाक मारली.
त्याने त्या बोळक्या तोंडात नट वेल्ड केला.
लाल होता तोवरच पान्हा लावला मी.
किर्र.
नाही.
किर्र, आणि एकदम मऊ, जसा रागावलेला माणूस
अचानक पाणी मागतो.

इद्रिस सुदानीकडून दोन नवे बोल्ट आणले,
तो बिटही आणला. आता आठ रियाल झालाय.
किती सहज बसतो. ठोकावा लागत नाही,
टक् करून दात दातात जातात.
टॉर्कचा पान्हा कट् म्हणाला, मी थांबलो.

शमसाबाई जुना बोल्ट तळहातावर घेऊन बघत होत्या.
"कुणी केलं होतं हे?"

माझ्या अरबीत क्रियापदं फार नाहीत,
खोटं जुळवायला वेळ लागतो.
"अना," म्हणालो.

मोफिजुल माझ्याकडे बघायला लागला, मुनीरभाई हे काय.
कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला आणि बंद पडला.
बाईंनी वही तपासतात तसं माझ्याकडे बघितलं,
बोल्ट माझ्या हातात ठेवला, अजून ऊन होता,
आणि म्हणाल्या,
"मग डावीकडचंही बघ."

बघितलं.
पिवळा.